मंडळीने मिळून धरलेला नेम: तुमच्याकडे काय टिकलं?

येत्या उपवासकाळात आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांनी मिळून, एखादा नेम धरावा असं चाललंय. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून 40 दिवस. रविवारची उपासना होतेच, प्रश्न मधल्या वारांचा आहे. कोणी विरारला राहतं, कोणी डोंबिवलीला. घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात. तुमच्याकडे काय टिकलं आणि कशामुळे, ते लिहा. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, सगळ्यांनीच.

वांद्र्याच्या गावठाणातून
आमच्याकडे मे महिन्यात क्रुसापाशी रोझरी, म्हणजे माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना, असते. मुंबईतले असे कितीतरी क्रूस 1896 च्या प्लेगच्या साथीत लोकांनी उभारलेले आहेत. एकेक संध्याकाळ एकेका घराची. त्या घराने दुपारी क्रूस धुवायचा, झेंडूचे हार घालायचे, मेणबत्त्या आणायच्या आणि लदीन (गाऊन म्हणायची आळवणी) म्हणून झाली की उकडलेले चणे वाटायचे. नव्या इमारतींतले लोक यायचे, पण मागे उभे राहून निघून जायचे. एका वर्षी आमच्या मावशींनी त्यांनाही पाळी लावली. "बुधवार तुमचा. चणे आदल्या रात्री भिजत घाला." त्या बुधवारी अख्खा मजला खाली उतरला, आणि तेव्हापासून ते येतातच. पाळीमुळेच येतात, असं माझं ठाम मत आहे.

भायखळ्याहून
2020 मध्ये चर्च बंद होतं, ईस्टरही घरातच झाला. तेव्हा पहाटे साडेपाचला फोनवर एकत्र प्रार्थना सुरू केली, ती अजून चालू आहे. रोज बायबलमधलं एक स्तोत्र, रोज वाचणारा वेगळा. वाचणाऱ्याने प्रवचन करायचं नाही, हा एकच कडक नियम. सावकाश वाचायचं, मिनिटभर गप्प राहायचं, तेच पुन्हा वाचायचं, मग विनंत्या आणि प्रभूची प्रार्थना. दोघीजणी लोकलमधून ऐकतात, माइक बंद ठेवून. 150 स्तोत्रं संपली की परत पहिल्यापासून.

88 वं स्तोत्र अंधारातच संपतं. ते वाचायची पाळी नेमकी यजमान नुकतेच गेलेल्या काकूंवर आली. बदलून देऊ म्हटलं, तर त्या नको म्हणाल्या. दोन्ही वेळा त्यांनीच वाचलं. आनंदाचीच स्तोत्रं निवडून घेतली असती तर त्यांच्या दुःखाला आमच्यात जागाच मिळाली नसती.

मुलुंडहून
थोडक्यात लिहिते. हजेरी घेऊ नका. एका मंडळीत न येणाऱ्यांची नावं वाचून दाखवायचे, त्यात आजारी माणसं फार दुखावली. शुक्रवारचं एक जेवण सोडून त्याचे पैसे मदतीच्या डब्यात टाकायचे, हे मात्र आमच्या तरुण मुलांनी मनापासून धरलंय.

माहीमहून
18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थनासप्ताह. त्यात आम्ही कॅथलिक शेजाऱ्यांबरोबर बसतो. रोझरी आमच्यातले कोणी म्हणत नाहीत, म्हणून शास्त्रपाठ आणि भजन एवढंच सामाईक ठेवलंय. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग आम्हाला पाठ, त्यांना नव्हते. पेटी आमची, टाळ त्यांचे, आणि अभंगांची वही मधे. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईतच झाला, हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तिथेच कळलं.

धागा काढणारी
भायखळ्याच्या ताई, पाळ्या कोण लावतं? आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय?

भायखळ्याहून
महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर वही फिरते, ज्याने त्याने आपलं नाव लिहायचं. वाचता न येणाऱ्या दोन आजी आहेत. त्यांना 23 वं पाठ आहे, ते त्यांच्यासाठीच राखून ठेवतो.