‘एक्स्प्लेन्ड मी दॅट’ चूक का? आणि ‘ऑन मंडे’ नेमकं कुठे टाकायचं?

कोरी_पाटी:
इंग्रजी लिहिताना माझं एकाच जागी हमखास अडतं. आधी भूतकाळी क्रियापद, मग कोणाला सांगितलं, कधी सांगितलं आणि शेवटी दॅटवालं वाक्य, हे सगळं लावायचं कसं? ‘शी टोल्ड मी दॅट शी वॉज बिझी’ चालतं, मग टोल्डच्या जागी एक्स्प्लेन्ड टाकलं की लगेच चूक कशी काय? आणि ऑन मंडे दॅटच्या आधी की नंतर? नुसता नियम पाठ केला की चार दिवसात विसरायला होतं, त्यामुळे कारणासकट सांगा प्लीज.

शब्दवेडा:
दॅटकडे नको बघू, क्रियापदाकडे बघ. टोल्ड, इन्फॉर्म्ड, रिमाइंडेड, कन्विन्स्ड ह्यांना माणूस लगेच पुढे लागतो आणि मध्ये टू अजिबात चालत नाही, नुसतं ‘शी टोल्ड दॅट’ म्हटलं की कोणाला टोल्ड हा प्रश्न लटकत राहतो. सेड, एक्स्प्लेन्ड, सजेस्टेड, मेन्शन्ड ह्यांचं उलट, माणूस नसला तरी अडत नाही, आणायचाच असेल तर टू लावून आणायचा: ‘शी एक्स्प्लेन्ड टू मी दॅट शी वॉज बिझी’. आपण मला सांगितलं, मला सुचवलं, मला म्हणाली असं सगळीकडे एकच ‘ला’ लावतो ना, म्हणून हा फरक कानाला खटकतच नाही. प्रॉमिस्डला मात्र दोन्ही चालतं, माणूस घाल नाहीतर गाळ.

रानपाखरू:
ऑन मंडेने अर्थच बदलतो, हे लोक फार हलक्यात घेतात. ‘ही सेड ऑन मंडे दॅट ही वुड रिझाइन’ म्हणजे बोलला सोमवारी, राजीनामा कधी देणार ते कळत नाही. ‘ही सेड दॅट ही वुड रिझाइन ऑन मंडे’ म्हटलं की सहसा राजीनामाच सोमवारी असं वाचलं जातं. सेड किंवा थॉटच्या लगेच पुढे दॅट गाळला तर काही बिघडत नाही, बोलताना सगळेच गाळतात, पण मध्ये असं ऑन मंडे बसलेलं असेल तर दॅट ठेवच, कारण ‘ही सेड ऑन मंडे ही वुड रिझाइन’ हे दोन्ही बाजूंनी वाचता येतं आणि वाचणारा बिचारा अडकतो.

कोरी_पाटी:
वा, हे मस्त कळलं. मग ‘शी कंप्लेन्ड अबाउट दॅट द रूम वॉज कोल्ड’ असं चालेल का? कंप्लेन्डला अबाउट लागतोच ना?

शब्दवेडा:
नाही चालणार. नाम आलं तर अबाउट हवा, ‘कंप्लेन्ड अबाउट द कोल्ड’, पण दॅटवालं वाक्य आलं की अबाउटने बाजूला व्हायचं, ‘कंप्लेन्ड दॅट द रूम वॉज कोल्ड’. इन्सिस्टेड ऑन, अ‍ॅग्रीड ऑन, सरप्राइज्ड अ‍ॅट सगळ्यांची हीच गत. ऑन, अ‍ॅट, अबाउट ह्यांना पुढे नामासारखं काहीतरी लागतं आणि दॅटचं वाक्य त्यांना तसं चालत नाही. अगदीच ठेवायचा असेल तर मध्ये ‘द फॅक्ट’ घाल, ‘सरप्राइज्ड अ‍ॅट द फॅक्ट दॅट’, पण वाक्य उगाच जड होतं, मी तर टाळतेच. ‘इन दॅट’ आणि ‘एक्सेप्ट दॅट’ हे तेवढे अपवाद.

पाऊलखुणा:
काळाचंही बघून घे. आपण ‘तो म्हणाला की मी दमलोय’ असं त्याचं बोलणं जसंच्या तसं ठेवतो, इंग्रजीत दॅटच्या पुढे सांगणाऱ्याच्या जागेवरून बोलायचं, म्हणून ‘ही सेड दॅट ही वॉज टायर्ड’, विलचं वुड आणि आधीच घडून गेलेल्याला हॅड. अजूनही खरं असेल तर वर्तमान ठेवलं तरी चूक नाही, ‘कोपर्निकस आर्ग्यूड दॅट द अर्थ मूव्ह्ज अराउंड द सन’ अगदी बरोबर आहे. वेगळं पडतं ते डिमांडेड: ‘दे डिमांडेड दॅट ही रिझाइन’, इथे रिझाइन्डही नाही आणि रिझाइन्सही नाही, नुसतं मूळ रूप, ब्रिटिश लोक बऱ्याचदा शुड रिझाइन करतात. आणि वॉन्टेडच्या पुढे दॅट लावूच नको, तिथे सरळ ‘वॉन्टेड हिम टू रिझाइन’.