एसटीआयचे पुढचे ब्रेक रोटर: कोणते घ्यावेत आणि कितीला?

प्रेषक: नोव्हायकर

नमस्कार मंडळी,

गाडी सुबारू एसटीआय, २०१६. रोजचं ऑफिस आणि वर्षाला पाच-सहा ट्रॅक डे (रेसिंगच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायचे दिवस), बहुतेक मिशिगनच्या जिंजरमॅन ट्रॅकवर, एखादा वॉटरफर्ड हिल्सला. पुढच्या रोटरची, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्यांची, जाडी मोजली: डावा २८.४ मिमी, उजवा २८.३. ताशी साठ मैलांच्या पुढून ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. घासणाऱ्या भागावर केसासारख्या बारीक भेगाही दिसतायत.

भाव पाहून डोकं गरगरलं. एक रोटर ९० डॉलरलाही आहे आणि जोडी हजारालाही. खाचांचे, भोकांचे, दोन्ही असलेले. एका साइटवर तर चारही रोटर आणि त्यांना घासणारे सगळे पॅड मिळून अडीचशे! इतका फरक कशाचा? आणि दिवाळीनंतर आई-बाबा पुण्याहून येतायत, तिकडून मागवण्यात काही अर्थ आहे का?

– नोव्हायकर

प्रेषक: ट्रॉयकर काका

नोव्हायकर,

आधी पुण्याचं निकालात काढू. सुबारू भारतात गाड्या विकत नाही, त्यामुळे हा रोटर तिकडच्या कुठल्या दुकानात पडून असायचं कारण नाही. ब्रेक बनवणाऱ्या ब्रेम्बो कंपनीचा चाकणला कारखाना आहे खरा, पण तिथे दुचाक्यांचे ब्रेक बनतात. शिवाय तुझा एक रोटर नऊ किलोच्या आसपास भरतो. जोडी म्हणजे तेवीस किलोच्या बॅगेतले अठरा किलो गेले. आईंना भाजणी आणि गोडा मसाला आणू दे.

आता माप. ऑर्डर चुकते ती इथेच. तुझा पुढचा रोटर ३२६ मिमी व्यासाचा, ३० मिमी जाड, पाच बोल्ट ११४.३ मिमी व्यासाच्या वर्तुळावर. त्याच वर्षाच्या साध्या डब्ल्यूआरएक्सचा ३१६ मिमी. कॅटलॉगमध्ये ‘डब्ल्यूआरएक्स / एसटीआय’ असं एकाच ओळीत लिहिलेलं असतं आणि ३१६ चा घरी येतो. २०१८ पासून एसटीआयला सहा पिस्टनचा पिवळा कॅलिपर (पॅड रोटरवर दाबणारी पकड) आणि ३४० चा भोकांचा रोटर आला, तोही तुला चालणार नाही. २००४ च्या एसटीआयला बोल्टचं वर्तुळ १०० चं होतं, २००५ पासून ११४.३. म्हणून ‘२००४–२०१७’ असं लिहिलेली जाहिरात दिसली की पुढे जा. विक्रेत्याला गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) द्यायचा आणि व्यास, जाडी, बोल्ट-वर्तुळ, हॅटची (रोटरच्या मधल्या टोपीसारख्या भागाची) उंची हे चार आकडे लेखी मागायचे. नऊ किलोची वस्तू परत पाठवायचा खर्च बहुधा आपल्याच बोकांडी बसतो.

तुझ्या रोटरवर किमान जाडी कोरलेली असेल, २८ मिमी. म्हणजे अजून ०.३ शिल्लक. पण मधल्या हवेच्या जागा सोडल्या तर तीस मिमीत भरीव लोखंड बरंच कमी असतं. दोन मिमी जातात ते त्या भरीव भागातून. उष्णता झेलणारं वजनच घटतं.

ते वजन का महत्त्वाचं, ते बघ. गाडी १,५५० किलो धरली आणि ताशी २०० किमीवरून १०० वर आणली, तर सुमारे १.८ मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. सत्तर टक्के पुढच्या चाकांकडे, म्हणजे एकेका रोटरला ०.६३. कडी, म्हणजे पॅड घासतात तो बाहेरचा भाग, सात किलोची धरली, तर एका ब्रेकमध्ये तापमान साधारण १८० अंशांनी चढतं. पुढच्या वळणापर्यंत ते सगळं उतरत नाही, त्यावर पुढचा थर चढतो. त्यामुळे रोटर विकत घेताना आपण मुख्यतः दोन गोष्टींचे पैसे देतो: लोखंड किती, आणि हवा किती नीट खेळते. बाकीचं नक्षीकाम.

सध्याचे भाव ढोबळमानाने असे. साधा सपाट, हाय-कार्बन बिडाचा, लेप दिलेला: ८० ते १२० डॉलरला एक. सुबारूचा मूळ भाग त्याहून थोडा वर. डीलरच्या काउंटरपेक्षा ऑनलाइन विकणाऱ्या डीलरांकडे तोच भाग स्वस्त पडतो. उष्णताप्रक्रिया केलेला, खाचांचा, डीबीए कंपनीचा ४००० वगैरे: १५० ते २०० किंवा पुढे. दोन तुकड्यांचा, म्हणजे लोखंडी कडी वेगळी आणि ॲल्युमिनियमची हॅट वेगळी: जोडी ९०० ते १,१००. आपल्या मिशिगनचा सहा टक्के कर वेगळा.

अडीचशेच्या ‘पूर्ण संचा’चं म्हणशील, तर त्यात चार रोटर आणि आठ पॅड बसवून, बॉक्समध्ये घालून, घरपोच देऊन कोणी नफा काढत असेल तर लोखंडात हात आखडलेला असणारच. तसा रोटर हातात आला तर कड बघ. दोन्ही बाजूंच्या थाळ्या सारख्याच जाड हव्यात. ओतताना साच्यातला गाभा सरकला की एक थाळी जाड, एक पातळ निघते. पातळ बाजू आधी तापते आणि रोटर वाकडा चालतो. समतोल साधायला कडेला यंत्राने कापलेली खाच दिसली तर ते चांगलं लक्षण.

भोकं नकोत. भेग भोकाच्या काठापासून सुरू होते आणि शेजारच्या भोकाला जाऊन मिळते. खाचा चालतील, पॅडचा पृष्ठभाग ताजा ठेवतात, पण पॅड लवकर झिजतात आणि ब्रेक मारताना घरघर ऐकू येते. तुझ्यासारख्या वापराला मी साधा, सपाट, हाय-कार्बनच म्हणेन.

– ट्रॉयकर

प्रेषक: कँटनकर ताई

काकांच्या मेलला पुरवणी. नोव्हायकर, थरथर म्हणजे रोटर ‘वाकला’ असं धरून चालू नकोस. बहुतेक वेळा पॅडचं मटेरियल रोटरवर डागाडागांनी चिकटलेलं असतं. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचा ठसाच उमटतो. तो डाग जास्त घासतो, जास्त तापतो, आणि फारच तापला की तिथलं बीड कडक होऊन बसतं. मग वरून कितीही घासा, थरथर परत येते. तुझी जाडी संपतच आलीय म्हणून रोटर बदलणं बरोबर, पण हीच सवय राहिली तर नव्या रोटरवरही दोन ट्रॅक डेंत तेच होईल.

दुसरं कारण हब, म्हणजे रोटर आणि चाक ज्यावर बसतात तो भाग. आपल्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ, त्यामुळे हबच्या तोंडावर गंजाची पापडी धरते. हिशोब सोपा आहे: हबचं तोंड १४० मिमीचं धरलं आणि एका कडेला ०.०५ मिमीचा गंज राहिला, तर ३२६ च्या रोटरच्या कडेला तो ०.१२ च्या घरात जातो. म्हणून बसवताना क्रम असा ठेव.

कॅलिपरचे दोन बोल्ट काढून कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांग, नळीवर लोंबकळत ठेवू नकोस. रोटर निघत नसेल तर हातोडा मारण्याआधी हॅटवर आट्यांची दोन भोकं शोध. त्यांत एम८ × १.२५ चे बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलास की रोटर आपोआप सुटतो. हबचं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत साफ कर, प्रत्येक स्टडच्या (ज्यावर चाकाचा नट बसतो त्या दांड्याच्या) मुळाशीसुद्धा. नवीन रोटरला कारखान्यातलं तेल असतं. आधी साबणाचं गरम पाणी, मग ब्रेक क्लीनर. राखाडी लेप असेल तर घासायच्या भागावरचा खरवडू नकोस, पहिल्या काही ब्रेकमध्ये पॅडच तो खातात. हॅटवरचा आणि दोन थाळ्यांमधल्या, हवा खेळवणाऱ्या पाकळ्यांवरचा लेप मात्र मिठाशी लढायला हवाच असतो.

मग वॉशर घालून पाचही नट आवळ आणि डायल इंडिकेटर (बारीक डगमग मोजणारं घड्याळ) कडेपासून दहा मिमी आत लावून रोटर फिरव. डगमग ०.०५ मिमीच्या आत असेल तर छान. जास्त आला तर रोटर एक स्टड पुढे सरकवून, म्हणजे ७२ अंशांनी फिरवून, परत मोज. पाच जागांपैकी एक तरी जागा बहुतेक वेळा जमून जाते. चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचने, ताऱ्याच्या क्रमाने, ८९ फूट-पाउंड. इम्पॅक्ट गनने ठोकलेले नट हेही थरथरीचं एक कारण आहे.

पॅड बसवणं बिडाच्या तव्यासारखं. नवा तवा तेल मुरवल्याशिवाय धिरडं सोडत नाही, तसंच पॅडचा पातळ, एकसारखा थर रोटरवर मुरवावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० मैलांवरून १० पर्यंत, जोरात पण एबीएस लागू न देता, आठ-दहा वेळा. मध्ये पूर्ण थांबायचं नाही. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी चालवून थंड करायची. आणि एका तव्यावर दोन तेलं नकोत: ट्रॅकचे आणि रस्त्याचे पॅड आलटून-पालटून वापरणार असशील तर एकाच कंपनीच्या एकाच कुटुंबातले घे, नाहीतर दर वेळी आधीचा थर काढून पुन्हा मुरवणं आलं.

– कँटनकर

प्रेषक: विंडसरकर

डेट्रॉइट नदीपलीकडून, कॅनडातून नमस्कार. काकांनी दोन तुकड्यांच्या रोटरला ‘नक्षीकामा’त टाकलं, ते पटलं नाही. एकसंध रोटरची कडी हॅटला एकाच बाजूने जोडलेली असते. तापली की ती पसरू पाहते, हॅट तिला धरून ठेवते, आणि कडी बशीसारखी होते. पॅड तिरके झिजतात, पेडल लांब जातं. दोन तुकड्यांच्या रोटरची कडी हॅटला किंचित सैल जोडलेली, ‘तरंगती’ असते, तिला हा त्रास नाही. शिवाय ॲल्युमिनियममुळे दोन-एक किलो वाचतात, तेही चाकाजवळचे. होंडाने २०२० च्या सिव्हिक टाइप आरला पुढे दोन तुकड्यांचे रोटर दिले ते काही दिसण्यासाठी नव्हे.

घेणार असशील तर दिशा सांभाळ. आतल्या पाकळ्या वळलेल्या असतील तर डावा-उजवा वेगळा असतो. गाडी पुढे जाताना पाकळीचं आतलं टोक पुढे आणि बाहेरचं टोक मागे पडलेलं हवं, म्हणजे हवा मधून बाहेर फेकली जाते. वरच्या खाचांची दिशा पाहून ठरवू नका. दिशा पाकळ्यांची, खाचांची नव्हे. उलटा बसवलेला रोटर दिसायला झकास आणि वारा घालायला निकामी.

– विंडसरकर

प्रेषक: ट्रॉयकर काका

विंडसरकर, बशीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझं भांडण फक्त पैशाशी आहे. ट्रॅकवर वर्षाला सहा दिवस, असा तीन वर्षांचा हिशोब मांडू, आणि आकडे दोन तुकड्यांच्या बाजूने उदारपणे धरू. समजा साधी जोडी ९० × २ = १८०, करासह १९१, आणि सहा दिवस टिकते. अठरा दिवसांत तीन जोड्या, ५७३ डॉलर. दोन तुकड्यांची जोडी १,००० ला, नऊ दिवसांनी फक्त कड्या बदलायच्या ६५० ला. करासह १,७४९. फरक ११७६ डॉलर.

त्या पैशात ट्रॅकचे पॅड, स्टीलच्या वेणीच्या नळ्या आणि दर वर्षी ताजं ब्रेक ऑइल येतं. ब्रेक ऑइलच्या डॉट ४ या दर्जाची उकळबिंदूची अट कोरड्या तेलाला २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषलेल्याला फक्त १५५. मोटुल आरबीएफ ६०० कोरडं असताना ३१२ वर उकळतं. पेडल जमिनीला टेकतं ते तेल उकळल्यामुळे, रोटर कितीही भारी असला तरी. आणि दोन तुकड्यांचा रोटर मिशिगनच्या हिवाळ्यात रोज चालवला तर ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे भेटतात तिथे मीठ आपलं काम करतं. तरंगणारी कडी तरंगायची थांबते आणि वर खडखडाट. हिवाळ्यात नोव्हायकरकडे दुसरी गाडी असेल तर तुझा सल्ला मी खोडणार नाही, उलट दुजोरा देईन.

– ट्रॉयकर

प्रेषक: विंडसरकर

हिवाळ्याचं कबूल. पण काका, तिरके झिजलेले पॅडही हिशोबात धरा. ट्रॅक पॅडची जोडी दोनशेच्या पुढे असते, आणि तिरकी झिजली की एक टोक उरलेलं असतानाच फेकावी लागते. आमच्या बाजूला तर त्यावर १३ टक्के एचएसटी कर.

– विंडसरकर

प्रेषक: नोव्हायकर

सगळ्यांचे आभार. ठरलं: साधे हाय-कार्बन लेपवाले, ३२६ × ३०, दोन जोड्या एकदम, एक बसवायला आणि एक डिकीत. पॅड, तेल बरोबरच. हिवाळ्यात हीच गाडी चालते, त्यामुळे दोन तुकड्यांचा विषय बंद. दोन शंका उरल्या. ०.३ मिमी शिल्लक असताना येत्या शनिवारचा ट्रॅक डे जुन्यांवर करू का? आणि मागचे १८.९ मिमी भरले, तेही लगोलग बदलू?

प्रेषक: कँटनकर ताई

शनिवारचं आधी. भेगेवरून नख फिरव. नख अडकत नसेल तर ते तापल्याचे नेहमीचे ओरखडे. नख अडकत असेल किंवा एक जरी भेग बाहेरच्या कडेपर्यंत पोचली असेल तर रोटर त्याच क्षणी बाद, जाडी कितीही असो. भेगा ठीक असल्या तरी एका दिवसात ०.३ सहज जातील, म्हणून नवे आधी बसव आणि शुक्रवारपर्यंत मुरवून ठेव.

मागचे २० चे, किमान १८. ०.९ शिल्लक आहे, झीजही पुढच्यापेक्षा कमी, तेव्हा या मोसमाला हात लावू नकोस. पुढच्या वेळी बदलशील तेव्हा ध्यानात ठेव की मागच्या हॅटच्या आत हँडब्रेकचा ड्रम आहे. हँडब्रेक सोडून, मागच्या रबरी बुचातून ॲडजस्टर सैल केल्याशिवाय रोटर निघणार नाही. ड्रमचा आतला व्यास सुबारूंत १७० आणि १९० असा दोन्ही सापडतो. जुन्याचा मोजून मगच मागव.

डिकीतली जोडी घट्ट बांधून ठेव. आणि ट्रॅकवरून आत आल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लाव, तापलेल्या रोटरवर हँडब्रेक ओढू नकोस.

– कँटनकर