नोकरी आयातीने गेली की यंत्राने, यावर सरकारी मदत का ठरावी?

ओहायोकर
माझ्या घरापासून वीस मिनिटांवर गाड्यांच्या वायरिंगचे जोड बनवणारा कारखाना होता. 2023 च्या हिवाळ्यात काम मेक्सिकोला गेलं, कारखाना बंद. शेजारी तिथे एकोणीस वर्षं होता. मी म्हटलं, टीएएचा अर्ज कर, मोजक्या कामगारांच्या सह्या पुरतात. (ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, अमेरिकी सरकारची 1962 पासूनची योजना: परदेशी व्यापारामुळे नोकरी गेली तर प्रशिक्षणाचा खर्च, शिवाय बेकारभत्ता संपल्यावरही काही काळ पैसे.) आमच्याच जेवणाच्या टेबलावर सह्या झाल्या. मग कळलं, 1 जुलै 2022 पासून कामगार खातं नव्या अर्जांवर निर्णयच देत नाही. योजनेची मुदत संपली, काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) वाढवली नाही. आधी पात्र ठरलेल्यांचं तेवढं चालू आहे.
योजना परत सुरू व्हायलाच हवी. स्वस्त माल आपण सगळ्यांनी घेतला, घरी बसला तो.

उलटतपासणी
तुमच्या शेजाऱ्याबद्दल वाईट वाटतं, पण त्याच कारखान्यात रोबो आला असता तर? तेव्हा फक्त नेहमीचा बेकारभत्ता, ओहायोत फार तर 26 आठवडे. घराचा हप्ता दोघांचाही सारखाच थकतो.

ओहायोकर
रोबो मालकाने आणला. मेक्सिकोबरोबरचा व्यापार करार सरकारने केला. सरकार देणं लागतं ते करारामुळे घरी बसलेल्याचं.

फाईलवाली
अशा अर्जांचं काम मी काही वर्षं केलंय, म्हणून सांगते. पात्रता माणसाची नसते, अख्ख्या गटाची ठरते. आयात वाढली आणि नोकऱ्या जाण्यात तिचा मोठा वाटा होता, हे दिसावं लागतं. आणि ते आकडे कुठून येतात? बरेचसे कंपनीकडूनच. ज्याने काढलं त्यानेच कारण सांगायचं!
त्यात जुलै 2021 ला नियम जुन्या वळणावर गेले. सेवाक्षेत्रातले बाहेर. काम मेक्सिकोला गेलं तर सोपं, कारण तिथे मुक्त व्यापार करार आहे. तेच चाकणला गेलं तर आयात वाढल्याचं दाखवत बसा.

उलटतपासणी
बघा, म्हणजे रेघ किती मनमानी आहे. आणि उपयोग तरी काय? मॅथेमॅटिका या संशोधन संस्थेच्या 2012 च्या पाहणीत ही मदत घेतलेले लोक चार वर्षांनंतरही तशाच इतर बेकारांपेक्षा कमीच कमावत होते.

फाईलवाली
त्यानंतर अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन हायमन यांचा अभ्यास आला. मदत मिळालेल्यांची दहा वर्षांत सुमारे 50 हजार डॉलर जास्त कमाई. अर्थात शेवटी शेवटी तो फरक विरत जातो, हेही त्यातच आहे.

लालबागचा_नातू
रेघेवरून आठवलं. गिरणी कामगारांसाठी केंद्राने 1986 मध्ये पुनर्वसन निधी काढला: पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, मग 50, मग 25. पण गिरणी कायमची बंद झालेली हवी. आजोबांना 82 च्या संपानंतर परत घेतलं नाही आणि त्यांची गिरणी रडतखडत चालूच राहिली. भोंगा वाजायचा तेव्हा आजी म्हणायची, “मेली बंद तरी पडत नाही.” त्यामुळे “रेघ कुठेतरी ओढावीच लागते” हे मला कुणी शांतपणे सांगू नये.

ओहायोकर
मान्य. पण रेघ वाकडी आहे म्हणून पाटीच फोडायची का? शेजारी 54 चा आहे. वेल्डिंगच्या वर्गात पोरांबरोबर बसायला त्याची तयारी नव्हतीच. त्याला हवा होता तो पन्नाशीपुढच्यांचा भाग: नवी नोकरी कमी पगाराची, वर्षाला 50 हजारांच्या आतली असेल तर फरकाची निम्मी रक्कम दोन वर्षं, जास्तीत जास्त 10 हजार डॉलर. आता गोदामात रात्रपाळी करतो, ताशी नऊ डॉलर कमी.

उलटतपासणी
पगारातल्या फरकाची ही सोय मला वर्गांपेक्षा कितीतरी पटते. चालू करा. फक्त अर्जातला “नोकरी कशामुळे गेली” हा रकाना काढून टाका.

फाईलवाली
तो रकाना काढला तर खर्च किती पट होईल, ते आधी मांडा. मग बोलू.