रत्नागिरी १९७, बीड २४२: हे गणित कसं बसतं?

कोयत्याची_लेक (बीड)

राज्यसेवेची तयारी करतेय. भूगोलात २०११ च्या जनगणनेचं जिल्हावार कोष्टक पाठ करायला घेतलं आणि एका ठिकाणी अडकले.

दर चौरस किलोमीटरला माणसं: भारत ३८२, महाराष्ट्र ३६५. म्हणजे आपण देशाच्या सरासरीला जवळपास चिकटून. पण आत शिरलं की मुंबई उपनगर २०,९८० आणि गडचिरोली ७४. एकाच राज्यात! ठीक आहे, शहर आणि जंगल. जैसलमेर १७, वाळवंट. अरुणाचल १७, डोंगर. बिहार ११०० च्या वर, गंगेचा गाळ. इथपर्यंत पटतं.

आता हे बघा: रत्नागिरी १९७, सिंधुदुर्ग १६३. आणि आमचा बीड २४२. आमच्याकडे मार्चपासून टँकरची वाट बघतात. कोकणात धो धो पाऊस, समुद्र, आंबा, काजू, वर रेल्वे. तरी माणसं आमच्याकडे जास्त? पुस्तकात विरळ वस्तीची कारणं दिली आहेत ती एकही तिथे लागू होत नाहीत. आणि केरळ ८६०! तोच समुद्र, तोच सह्याद्री.

क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "यावर प्रश्न येत नाही, पुढे चला."

ठोकळा_२४

डोंगराळ प्रदेश. एक मार्क. पुढे चला.

वैनगंगेकाठी

कोकणाचं मला माहीत नाही, पण ७४ वाल्यांकडून दोन शब्द. तुम्ही "जंगल" म्हणून हातावेगळं केलंत म्हणून.

गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटर आणि माणसं १० लाख ७२ हजार. पण ती सगळीकडे ७४-७४ अशी पेरलेली नाहीत. मी देसाईगंज तालुक्यातला, म्हणजे वडसा. वैनगंगेच्या काठाने धानाची बांधी, गावाला गाव लागून, रेल्वे स्टेशन आहे. आरमोरीपर्यंत असंच. इथे कोणालाच आपण विरळ वस्तीत राहतो असं वाटत नाही. नोकरीची पहिली तीन वर्षं भामरागडकडे काढली. तिथे एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला अर्धा दिवस, आणि पर्लकोटा नदी भरली की पूल पाण्याखाली, भामरागड बेट. या दोन्हींची बेरीज करून भागलं की ७४ येतो. तो ७४ जिल्ह्यात कुठे शोधायला गेलात तर सापडणं कठीण.

निवृत्त_मास्तर (संगमेश्वर)

पोरी, तुझ्या त्या १९७ मधली काही माणसं माझ्या हातची आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन शिरगणत्यांना प्रगणक. म्हणून जरा लांबड लावतो.

२०११ ची गणती दोन फेऱ्यांत झाली. २०१० च्या उन्हाळ्यात घरयादी. घराघरांना गेरूने नंबर घालायचा, नजरी नकाशा काढायचा. मे महिना, चाकरमानी आलेले. दर घरात पोरांचा गोंधळ, पडवीत फणस कापून ठेवलेला, "बसा मास्तर, गरे खा." वाडीत बेचाळीस घरं, सगळी उघडी. मग फेब्रुवारी २०११ मध्ये माणसं मोजायला त्याच वाडीत गेलो. मीच घातलेले नंबर, आणि त्यातल्या सतरा घरांना कुलूप. बाकीच्यांत बहुतेक ठिकाणी म्हातारी, एखादी सून, एखादं शाळकरी पोर.

नियम असा होता: ९ ते २८ फेब्रुवारी या काळात जो माणूस इथे राहणारा आहे आणि निदान काही दिवस तरी इथे होता, तो इथे धरायचा. पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. एका आजीने चुलीपुढून न उठता सांगितलं, "लिवा मास्तर, आमी धा मानसं." विचारलं, आत्ता घरात कोण कोण? ती आणि तिची नात. बाकीचे आठ नालासोपारा, कांदिवली, एक भिवंडीला. मी दोन लिहिले. ती उठून आतून रेशनकार्ड घेऊन आली. त्यावर दहा नावं, सरकारी शिक्क्यासकट! मी तिच्या घरातली आठ माणसं खोडतोय असं तिला वाटलं. जाताना तिने पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि कोकणात असं होत नाही.

ती आठ माणसं तुझ्या कोष्टकात आहेत. ठाण्याच्या रांगेत आणि मुंबई उपनगराच्या. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरला. सिंधुदुर्गही उतरला. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला, तेव्हा देशातला सगळ्यांत मोठा जिल्हा. पालघर २०१४ मध्ये वेगळं झालं, ते नंतर. ठाण्यातली सगळी वाढ कोकणातली नाही, उभ्या देशातून माणसं तिथे आली. पण आमची वजाबाकी मात्र बरीचशी तिकडेच जमा आहे.

तुझ्या पुस्तकात आणखी एक कोष्टक असेल, दर हजार पुरुषांमागे स्त्रिया. रत्नागिरी १,१२२. मुंबई शहर ८३२. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघ. बायका इकडे, बाप्ये तिकडे. आमच्याकडे हे काल-परवाचं नाही. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या निघाल्या तेव्हापासून माणूस बोटीने जायला लागला आणि मागे मनिऑर्डर यायला लागली. माझे आजोबा गेले, वडील गेले, मी डी.एड. झालो म्हणून राहिलो.

आता तुझा पावसाचा मुद्दा. पाऊस पडतो हे खरं, तीन-तीन हजार मिलिमीटर. पण जांभा दगडाचा सडा, म्हणजे उघडा कातळ, आणि त्याला उतार, पाणी थांबत नाही. चार महिन्यांत सगळं खाडीला मिळतं आणि मे महिन्यात आमच्याही वाडीला टँकर येतो, हे ऐकून तुला बरं वाटेल. भाताचं एक पीक निघालं की बहुतेक जमीन मोकळी. तुमच्याकडे पाऊस कमी, पण काळी जमीन ओल धरते, पावसाळा सरल्यावर ज्वारी उभी राहते. शिवाय भागाकार करताना खाली क्षेत्रफळ सगळंच धरतात. संगमेश्वराहून रत्नागिरीला रेल्वेने जा, वाटेत करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. तो अख्खा डोंगर, त्यावरचा सडा, सगळं १९७ च्या खाली छेदात बसलेलं आहे.

केरळने मलाही छळलं होतं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं रेल्वेने एर्नाकुलमला गेलो. कासरगोडच्या पुढे मी खिडकीतून गाव कुठे संपतं ते बघत होतो, ते संपेचना. माड, विहीर, घर, परत माड, विहीर, घर. दर घर आपापल्या परड्यात. फरक मला दिसला तो असा: त्यांना पाऊस दोनदा. आपला जूनचा, आणि आपला थांबला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा. विहिरीला जास्त महिने पाणी. किनारपट्टीची सखल जमीनही आमच्यापेक्षा रुंद, खाजणं आणि कालवे धरून. आमच्याकडे समुद्रावरून निघालीस की लगेच घाटी चढायला सुरुवात. आणि माणसं त्यांचीही बाहेर गेली, आखातात. पथनमथिट्टा आणि इडुक्की हे त्यांचे दोन जिल्हे त्याच दहा वर्षांत घटले. पण केरळ मुळात इतकं दाट की ही घट कोष्टकात डोळ्यांवर येत नाही.

शेवटची गोष्ट. २००१ च्या आकड्यांवरून मतदारसंघ नव्याने आखले आणि २००९ ची निवडणूक त्यावर झाली. आमचा संगमेश्वर विधानसभा मतदारसंघ गेला, खेडचा गेला. ठाण्याच्या जागा जवळपास दुप्पट झाल्या. त्या आजीला मी दोन लिहिले त्याचा अर्थ असाही होतो, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

गणपतीत मोजायला हवं होतं, असं आमच्याकडे गमतीने म्हणतात. मी म्हणत नाही. पाच दिवसांनी गौरीगणपती गेले की एस.टी. स्टँडवर उभी राहून बघ.

ठोकळा_२४

मास्तर, "डोंगराळ प्रदेश" मागे घेतो.

चाळ_नंबर_तीन

परळ. मास्तरांची आठ माणसं आमच्याकडे आली असं वाटत असेल तर थांबा, आमच्याकडेही माणसं घटली आहेत. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन, २००१ मध्ये ३३,३८,०३१ आणि २०११ मध्ये ३०,८५,४११. अडीच लाख कमी. दर चौरस किलोमीटरला १९,६५२ म्हणतात आणि सगळे डोळे विस्फारतात, पण तो आकडा उतरताना आहे.

दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ जण. वडील मिलमध्ये, पाळी संपवून आले की काका उठायचे, त्याच गोधडीत वडील आडवे. मूळ गाव गुहागर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सगळं विस्कटलं. एक काका गावी परत गेले (मास्तर, तुमच्या आकड्यात एक अधिक धरा). भाऊ बदलापूर, बहीण विरार. मिलच्या जागेवर आता टॉवर आहे. त्यातल्या एकेका फ्लॅटमध्ये आमच्या चाळीचा अख्खा मजला मावेल. खाली पार्किंगच्या गाड्या मोजल्या, वर खिडक्यांतले दिवे मोजले. दिवे कमी होते.

आणि उपनगराचे २०,९८० पण जपून वापरा. ४४६ चौरस किलोमीटरमध्ये बोरिवलीच्या नॅशनल पार्कचा मोठा तुकडा आहे, बिबट्यांसकट. तो काढून भागलंत तर आकडा आणखी वर जाईल. म्हणजे गडचिरोलीवाले दादा बोलले तेच, फक्त उलटीकडून.

कोयत्याची_लेक (बीड)

मास्तरकाका, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. त्यावरून घरात वेगळाच विषय निघाला.

माझं इथलं नाव बघितलंत ना? आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की गाडी भरायची ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचं गाळप संपेपर्यंत, मार्च, कधी एप्रिल. २०११ च्या फेब्रुवारीत मी आठ वर्षांची. कोल्हापूर जिल्ह्यात एका उसाच्या फडाजवळ आमची टोळी होती, कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचो. गावात फक्त आजी. म्हणजे तुमच्या नियमाने आम्ही चौघं बीडच्या २४२ मध्ये नाही, कोल्हापूरच्या ५०४ मध्ये. आमच्या तांड्यावर तर फेब्रुवारीत तुमच्या वाडीसारखंच, म्हातारी माणसं आणि कुत्री. मग मी टँकरवरून एवढं भांडले, तो २४२ तरी पूर्ण आहे का?

आईला विचारलं, त्या वर्षी कोपीवर कोणी नावं लिहायला आलं होतं का? ती म्हणाली, "आपल्याला कोन मोजतंय? मुकादम टनं मोजतो."

निवृत्त_मास्तर (संगमेश्वर)

हे वाचून कालपासून माझ्या डोक्यात तेच आहे.

नियमाने तुम्ही चौघं कोल्हापुरात धरले जायला हवे होतात. कोपी म्हणजेही राहतं घरच. तिथल्या प्रगणकाच्या गटात ती यायला हवी. अगदी उघड्यावर झोपणाऱ्यांसाठीही २८ फेब्रुवारीच्या रात्रीची वेगळी फेरी असते, बसस्टँडवर, पुलाखाली, आम्ही बॅटरी घेऊन फिरलोय. पण घरयादी झाली उन्हाळ्यात, तेव्हा त्या शेतात कोपी नव्हती. प्रगणकाच्या नकाशावर तिथे नुसता ऊस. तो आपणहून फडात शिरला असेल तर तुम्ही आहात, नसेल तर नाही. गावाकडच्या मास्तराने आजीला विचारून एक लिहिला असणार, जसे मी दोन लिहिले. आजी चौघं धरून सांगत असली तरी.

आता पुढची गणती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, मोजणीचा क्षण १ मार्च २०२७. म्हणजे पुन्हा भर गाळपात. आई-वडील तेव्हा ज्या गावच्या शिवारात असतील तिथल्या शाळेत किंवा तलाठ्याकडे आधीच सांगून ठेव, अमुक शेतात टोळी आहे म्हणून. आणि प्रगणकाला रात्री सातनंतर यायला सांग, दिवसा कोपीत कोणी सापडायचं नाही.

कोयत्याची_लेक (बीड)

सातला पण नसतात काका, गाडी भरायला गेलेले असतात. पहाटे चारला यायला सांगते, तेव्हा आई भाकरी थापत असते.