आर्किटेक्टांच्या संघटनांनी परदेशी भागीदारी करावी का? इंदूरच्या अनुभवावरून

कान्हकाठ
2022 साली किगालीत राष्ट्रकुलातल्या देशांनी शाश्वत शहरीकरणाचा जाहीरनामा मान्य केला. त्यामागे राष्ट्रकुलातल्या आर्किटेक्ट-संघटनांच्या महासंघाची (स्थापना 1965) बरीच खटपट होती. त्यांच्या पाहणीत दिसलं की जिथं शहरं सर्वांत झपाट्यानं फुगताहेत, तिथंच आर्किटेक्ट आणि प्लॅनर सर्वांत कमी आहेत. 1917 पासूनची आपली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या महासंघात आहे. या नात्याचा फायदा इंदूरला मिळावा, आणि तो इथल्या शाखेमार्फत, असं मला मनापासून वाटतं.

कारण आपण एकदा पोळलो आहोत. ब्रिटिश सरकारच्या मदतीनं इथं स्लम नेटवर्किंग झालं, 183 वस्त्यांत. झोपडपट्ट्या नाल्यांच्या काठी वसतात आणि पाणी उताराकडे जातं, म्हणून मुख्य ड्रेनेज नदीकाठानं न्यायचं, घरोघरी संडास द्यायचा आणि रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा खाली ठेवायचे, म्हणजे पावसाचं पाणी रस्त्यावरूनच निघून जाईल. कल्पना इतकी चांगली की 1998 मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. पुढे टीका झाली ती देखभालीवरून. लाइनी तुंबल्या, आणि त्या साफ कुणी करायच्या हेच ठरलेलं नव्हतं.

पैसा देणारे परत गेले, अधिकारी बदलले, पण शाखेचे सभासद गावातच राहतात. म्हणून परदेशी करारात स्थानिक संघटना सहीदार असावी. काम संपल्यावर दहा वर्षं, दर पावसाळ्याआधी पाहणी करून अहवाल लोकांसमोर ठेवणं तिच्यावर बंधनकारक असावं.

नकाशेवाला_सुदामानगर
साफ असहमत. बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. परदेशी सहकार्य म्हटलं की दहा जण जाऊन येतात, फोटो टाकतात आणि पुढच्या वर्षी दुसरे दहा जातात, इतकंच मी पाहिलं.

इंदूर वाढतंय ते बायपासपलीकडच्या शेतांवर. कॉलनाइजर तुकडे पाडतो, लोक ठेकेदाराच्या अंदाजानं घर बांधतात आणि काही वर्षांनी कॉलनी वैध करण्याची मागणी सुरू होते. या सगळ्यात आर्किटेक्ट कुठंच नसतो. सहाशे फुटांच्या प्लॉटवाल्याला आमची फी परवडत नाही. संघटनेनं आठवड्यातून दोन संध्याकाळी मोफत सल्ला दिला तर हजारो घरांत उजेड-वारा येईल. त्याला लंडनचा शिक्का कशाला?

कान्हकाठ
दादा, सल्लाकेंद्र हवंच. पण बाहेरचा माणूस नकोच, हे पटत नाही. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस स्कॉटलंडचे. होळकर दरबारासाठी त्यांनी 1918 मध्ये इंदूरचा अहवाल लिहिला तो गल्ल्या पायी तुडवून. त्यांचा आग्रह होता की जुनी वस्ती सरसकट पाडू नका, नेमकं तेवढंच काढा. दिवाळीची मिरवणूक ज्या रस्त्यांवरची घरं स्वच्छ असतील तिथूनच जाईल, असं त्यांनी जाहीर केलं आणि लोकांनी आपणहून घरं झाडली, डागडुजी केली. शंभर वर्षांपूर्वीचं हे इंदूर आहे!

निवृत्त_जलप्रदाय
मी पाइपांमध्ये आयुष्य काढलं, म्हणून बोलते. गेडिसना दरबारानं बोलावलं होतं, कुठल्या संघटनेनं नाही. स्लम नेटवर्किंगची कल्पनाही इंजिनिअरची, हिमांशु पारिख यांची. तेव्हा सगळं श्रेय आणि सगळी जबाबदारी आर्किटेक्टांनी आपल्याकडे ओढू नये.

अहवालानं ड्रेनेजचा चेंबर उपसला जात नाही. त्याला माणसं, पाण्याच्या जोरानं लाइन साफ करणारं जेटिंग मशीन आणि दरवर्षीच्या बजेटमध्ये वेगळी रक्कम लागते. बाहेरचा पैसा घेताना ही रक्कम आधी लिहून घ्या. माझ्या मते तुमच्या दहा वर्षांच्या अटीत हीच खरी कसोटी आहे, आणि ती तुम्ही लिहिलेलीच नाही.

शेवटचं_सेमिस्टर
तुम्ही सगळे धरूनच चाललात की शिकायचं आपण आणि शिकवायचं त्यांनी. अरण्य ही वसाहत आपल्या शहरात आहे ना! आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी तिथं गरिबांना तयार घर दिलं नाही. जोतं, नळ, संडास दिला, ऐंशी नमुना घरं बांधून दाखवली आणि बाकीचं कुटुंबांवर सोपवलं. 1995 मध्ये त्यालाही आगाखान पुरस्कार मिळाला. मी प्रोजेक्टसाठी तिथं महिनाभर मोजमापं घेतली. लोकांनी ओटे कसे वापरले, जिने कुठं काढले, कुठं हवा कोंडली, हे सगळं आज भिंतींवर वाचता येतं. आफ्रिकेत जी शहरं आता वाढताहेत, त्यांना हे लंडनपेक्षा जास्त कामाचं आहे. करार त्यांच्याशी करा. ते त्यांच्या वस्त्या दाखवतील, आपण अरण्य दाखवू, चुकांसकट.

नकाशेवाला_सुदामानगर
हे पटलं. अशा करारावर मी पहिली सही करीन. तरीही आधी सल्लाकेंद्र, मग करार. ज्या शाखेला स्वतःच्या शहरातल्या माणसाचा जिना सुधारता येत नाही, तिनं घाना-केनियाला काय सांगावं?

कान्हकाठ
क्रम मान्य. काकू, देखभालीच्या रकमेचं माझ्याकडून राहिलंच. बजेटमध्ये ती रक्कम दाखवल्याशिवाय संघटनेनं सही करू नये, अशी अट मसुद्यात घालतो. पण पाहणीची सुरुवात कुठून करायची? जुन्या लाइनी जमिनीखाली नेमक्या कुठं आहेत, हे आज किती जणांना ठाऊक असेल?

निवृत्त_जलप्रदाय
माझ्या भागातले बरेचसे चेंबर मला तोंडपाठ आहेत. रस्त्यांवर थर चढत गेले, त्यामुळे काही आता डांबराखाली आहेत. पोरांना घेऊन रविवारी सकाळी या. हातात खडू आणि टेप ठेवा, मी जागा दाखवते.