बी विंग ग्रुप: सोलरचं कोटेशन आणि जुनं तांबं

नारखेडे काकू १०१: सेक्रेटरी साहेब आज पण नळाला बर्फासारखं पाणी. पोरीची प्रिलिम चालू आहे, पहाटे पाचला उठून गॅसवर पातेलं ठेवून बादली करून दिली तिला. दिवाळीपासून "आठ दिवसात होईल" ऐकून राह्यलो आम्ही. मेंटेनन्स मात्र पाच तारखेला पाहिजे तुम्हाला.

पाटील सेक्रेटरी ३०२: काकू नमस्कार 🙏 तुमचं बरोबर आहे. बंद पडलेल्या सोलर वॉटर हीटरच्या जागी नवीन बसवायचं कोटेशन कालच आलं, टाकतोच होतो. २००० लिटर, ईटीसी म्हणजे काचेच्या ट्यूबवाला. ३,६८,००० अधिक १८ टक्के जीएसटी. ५ वर्ष वॉरंटी. जुनं सामान काढून नेणं फ्री. निम्मा ॲडव्हान्स दिला तर शनिवारी काम चालू करतो म्हणाला. कोणाची हरकत असेल तर संध्याकाळपर्यंत सांगावे.

झोपे काका २०१: जुनं सामान फ्री नेणार म्हणजे काय? आपल्या १६ पॅनेलमध्ये तांबं आहे.

वाणी भाऊ १०३: टोटल ४,३४,२४०. १६ घरं, घरामागे २७,१४०. भो पानी गरम करानं शे का कारखाना काढाना शे 😂

महाजन वहिनी ४०२: आमच्याकडे मागच्या आठवड्यापर्यंत कोमट येत होतं तसं

नारखेडे काकू १०१: तुमच्याकडे येणारच ना वहिनी, टाकी तुमच्या डोक्यावर आहे. सोलर चांगला चालू होता तेव्हासुद्धा आम्हाला खाली दोन बादल्या गार पाणी सोडून दिल्यावर मग गरम यायचं. पैसे मात्र सारखेच.

महाजन वहिनी ४०२: मे महिन्यात स्लॅब तापतो तेव्हा येतं का कोणी आमच्याकडे झोपायला? ४५ डिग्रीत आम्ही त्याच टाकीखाली राहतो. तेव्हा कोणी म्हणत नाही पैसे कमी घ्या.

पाटील सेक्रेटरी ३०२: कृपया विषयावर राहू या 🙏

बोरोले सर २०३: विषयावरच बोलतो. जुना बंद का पडला हे कोणी पाहिलं का? मी काल गच्चीवर जाऊन एका पॅनेलचं खालचं कपलिंग खोललं. आतल्या नळीत पेन्सिल जात नाही, सगळा पांढरा दगड जमलाय. याचं कारण असं की सोलरची गार पाण्याची लाइन बोअरच्या टाकीवर जोडलेली आहे, वाघूर धरणाच्या पाण्याच्या टाकीवर नाही, बिल्डरने दहा फूट पाइप वाचवला आणि आपण इतकी वर्ष ते पाणी तापवत बसलो. गेल्या वर्षीचा रिपोर्ट याच ग्रुपवर आहे, बोअरची हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरमागे ६८० मिलीग्रॅम. पिण्याच्या पाण्याला बीआयएस, म्हणजे सरकारी मानक संस्था, २०० म्हणतं, दुसरी सोयच नसेल तर ६००. हे पाणी तापलं की क्षार खाली बसणारच, मग नळी तांब्याची असो की काचेची. लाइन बदलल्याशिवाय नवीन बसवला तर पैसे गेले समजा. आणि कोटेशनमध्ये याबद्दल एक शब्द नाही.

पाटील सेक्रेटरी ३०२: सर त्याचा माणूस पाणी तपासून गेला होता

बोरोले सर २०३: तो पोरगा पेनासारखं मशीन बुडवून टीडीएस सांगून गेला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, हार्डनेस म्हणजे त्यातले फक्त दगड करणारे क्षार.

झोपे काका २०१: तांब्याचं कोणी बोलत नाहीये. १६ पॅनेल. आत नळ्या तांब्याच्या आणि पत्रा पण तांब्याचा.

वाणी भाऊ १०३: सर तुम्ही थंडीत एकटे गच्चीवर गेले, मॅडमला माहीत आहे का 😂

कुणाल ४०१: सगळ्यांना नमस्कार. मी काय म्हणतो, सोलरच कशाला, हीट पंप का नाही? आमच्या पुण्याच्या फ्लॅटवर आहे. एसीचं उलटं काम, बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात घालतो. २००० लिटर पाणी ३० डिग्रीने वाढवायला साध्या कॉइलला ७० युनिट लागतात, याला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. आपल्याकडे हवा गरम, म्हणजे अजून बरं. पावसाळ्यात ढग आले तरी पाणी.

सरोदे भाऊ ३०१: आणि ते वीस-पंचवीस युनिट रोज कोणाच्या मीटरवर? कॉमन. आणि बिल भरायच्या वेळी पुण्यात कोण असतं?

कुणाल ४०१: काका मी आजपर्यंत एकही महिना बाकी ठेवलेला नाही.

सरोदे भाऊ ३०१: तुला नाही म्हणत बाबा. ज्यांना म्हणतो त्यांना कळतं.

नारखेडे काकू १०१: कोणाला म्हणता ते नाव घेऊन म्हणा

वाणी भाऊ १०३: आपापला गिझर लावा ना. विषय संपला.

बोरोले सर २०३: लावा. १५ लिटरचा गिझर एकदा पूर्ण तापायला पाऊण युनिट धरा. गार मिसळून साधारण दोन बादल्या होतात. चार माणसांना चार वेळा तापवा, रोजचे तीन युनिट, ते पण तुमच्या स्वतःच्या मीटरवर. आणि बाथरूमला बोअरचंच पाणी असलं तर कॉइलवर तोच दगड, दर वर्षी खोलून साफ करा, आतला मॅग्नेशियमचा रॉड बदला. एकट्या माणसाला परवडेल. घरात लेकरं असलेल्यांना नाही.

वाणी भाऊ १०३: मी एकटाच आहे सर 😌

महाजन वहिनी ४०२: सूर्यघर योजनेत ७८,००० सबसिडी आहे ना? आमच्या भावाने घेतली. सेक्रेटरींनी चौकशीच केली नाही वाटतं.

सोनवणे ३०४: वहिनी ती विजेच्या सोलरला. छतावर पॅनेल लावून लाइट तयार करायची, घरी ३ किलोवॅट घेतलं तर ७८,०००. सोसायटीच्या कॉमन लाइटला किलोवॅटमागे १८,०००. पाणी तापवायच्या सोलरला त्यातलं काही नाही. बाकी मी हिशोबाचा माणूस म्हणून एकच विचारतो, १८ टक्के कुठून आले? २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर वॉटर हीटर ५ टक्क्यात आहे. ५ ने १८,४०० होतात, याने ६६,२४० लावलेत. फरक ४७,८४० चा आहे. सुटी मजुरी असेल तर ती वेगळी ओळ दाखवायला सांगा, सगळ्याची खिचडी करून वर १८ टक्के नाही चालत.

झोपे काका २०१: बरोबर. आणि तांबं.

पाटील सेक्रेटरी ३०२: मी काय घरचं कोटेशन आणलं का? बँकेतून सुटल्यावर तीन वेळा गेलो त्याच्या दुकानात, स्वतःचं पेट्रोल जाळून. दुसरं कोणी पुढे येत नाही आणि आणलं की मग सगळे इंजिनिअर.

वाणी भाऊ १०३: नाराज नका होऊ भाऊ. फक्त एवढं सांगा, दुकानदार तुमच्या साडूच्या गावचा आहे का?

पाटील सेक्रेटरी ३०२: हे मला अजिबात आवडलेलं नाही.

वाणी भाऊ १०३: मस्करी केली भो

नारखेडे काकू १०१: लिफ्टच्या वेळी पण मस्करीच होती आधी.

सरोदे भाऊ ३०१: ते सोडा. आमच्या रावेरच्या मळ्यावर ट्यूबवालाच आहे म्हणून सांगतो. चांगला चालतो. मागच्या गारपिटीत केळीच्या पानांच्या चिंध्या झाल्या, ट्यूब दोनच गेल्या. पण एक ट्यूब फुटली की त्या टाकीतलं सगळं पाणी वाहून जातं हे लक्षात ठेवा. दुसरं, भर दुपारी टाकी कोरडी झाली आणि तशाच तापलेल्या ट्यूबमध्ये गार पाणी सोडलं की तडकन जाते. पाणी रात्री नाहीतर पहाटे भरायचं. उन्हाळ्यात अर्ध्या ट्यूबवर शेडनेट टाकायचं, मे मध्ये कोणाला पाहिजे उकळतं पाणी.

बोरोले सर २०३: सरोदे भाऊ एकदम बरोबर. म्हणून २००० ची एकच टाकी नको, ५०० च्या चार घ्या, प्रत्येकीला वेगळा व्हॉल्व्ह. एक बंद पडली तर तीन चालू. ट्यूब किती आणि कोणत्या मापाच्या ते पण लिहून घ्या, ५८ मिलिमीटर जाडीच्या १८०० लांबीच्या आहेत का. टाकीवर नुसतं २००० लिहून काय होतं, ट्यूब कमी टाकल्या की पाणी कोमटच राहणार. आतली टाकी स्टीलची आहे म्हणतो, कोणत्या ग्रेडची, ३०४ का ३१६? पत्रा किती जाड? पफ, म्हणजे टाकीभोवतीचा उष्णता धरणारा फोम, किती? निदान ५० मिलिमीटर पाहिजे, नाहीतर संध्याकाळचं गरम पाणी सकाळपर्यंत राहत नाही. आणि खालच्या मजल्याची तक्रार खरी आहे, गरम पाण्याच्या पाइपावर आवरण नाही, ते कोटेशनमध्ये घातलं तर एक बादली तरी वाचेल. पूर्ण सोडवायचं तर पाइपातलं गार झालेलं पाणी परत टाकीत नेणारी रिटर्न लाइन आणि छोटा पंप लागतो.

नारखेडे काकू १०१: बघा. सर म्हणतात म्हणून तरी पटेल आता.

सोनवणे ३०४: वॉरंटीचा कागद आत्ता मोठा करून वाचला. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात आहे, "पाण्यातील क्षारांमुळे होणारा बिघाड वॉरंटीत नाही. ट्यूब फुटणे व गॅस्केट वॉरंटीत नाही." मग ५ वर्ष वॉरंटी नेमकी कशाची, रंगाची?

महाजन वहिनी ४०२: अगं बाई

वाणी भाऊ १०३: एक महत्त्वाचं. रविवारी गच्चीवर भरीत करू या का? बामणोदची वांगी आणतो, कपाशीच्या काड्या सरोदे भाऊ आणतील.

सरोदे भाऊ ३०१: काड्या टेम्पोभर आणतो, त्याची काळजी नको

महाजन वहिनी ४०२: कळण्याच्या पुऱ्या मी आणि नारखेडे काकू करू. करू ना काकू?

नारखेडे काकू १०१: करू की. तेल मात्र सोसायटीचं.

कुणाल ४०१: मी शनिवारी रात्री पोचतो 🙋

झोपे काका २०१: भरीत जरूर करा. पण १६ पॅनेल, एकात पाच किलो जरी तांबं धरलं तरी ८० किलो. पाचशेच्या खाली कोणी भाव बोलत नाही. ४०,००० झाले. तो फ्री काढून नेतो म्हणजे आपल्यावर उपकार करत नाही, आपणच त्याला देतोय. चौथ्यांदा लिहितोय.

सोनवणे ३०४: काका बरोबर आहे तुमचं. मी वाचलं होतं पण जीएसटीत अडकलो. जीएसटीचा फरक आणि तांबं धरून ८७,८४० होतात.

वाणी भाऊ १०३: म्हणजे घरामागे साडेपाच हजार. काका मनी माफी, तुम्ही बोलत होते तवय आमी हसत होतो.

पाटील सेक्रेटरी ३०२: ठीक आहे. ॲडव्हान्स देत नाही. त्याला सांगतो की टाकीचा ग्रेड, ट्यूबची संख्या, पफ, पाइपाचं आवरण, मजुरी सगळं वेगवेगळं लिहून दे आणि जीएसटी नीट लाव. वाघूरच्या टाकीवरून लाइन ओढायचं प्लंबरला विचारतो. अजून दोन कोटेशन पाहिजेत, एक कुणाल हीट पंपचं आणेल, एक सरोदे भाऊ त्यांच्या मळ्यावरच्या माणसाचं. नुसतं बोलू नका, आणा. जुने पॅनेल आपण स्वतः भंगारवाल्याला देऊ, वजन सगळ्यांसमोर.

झोपे काका २०१: काटा मी आणतो. त्यांच्या काट्यावर माझा भरवसा नाही.

बोरोले सर २०३: लाइन आधी बदला. पॅनेल काढायच्या आधी. परत सांगतो, लाइन आधी.

पाटील सेक्रेटरी ३०२: हो सर. रविवारी सकाळी साडेदहाला मीटिंग, भरीत त्याच्यानंतर. एका घरातून एकानेच बोलायचं.

नारखेडे काकू १०१: हे कोणी ठरवलं?