मदत हवी आहे : कृष्णवर्णीय सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फायली कशा वाचाव्यात?

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या फायलींचा मी अभ्यास करत आहे. गुलामगिरीत विवाहाची कायदेशीर नोंदच होत नसल्याने विधवांना शेजाऱ्यांच्या व सोबत्यांच्या शपथेवरील जबान्या सादर कराव्या लागत आणि त्यांतूनच मालक, विक्री, ताटातूट, मुलांचे जन्म असे इतरत्र दुर्मीळ असलेले तपशील हाती येतात. मला ही साक्ष अमोल वाटते. मात्र पूर्वी गुलाम असलेल्या अनेक सैनिकांनी पुढे मालकाचे आडनाव टाकून नवे घेतले. अशा सैनिकाचा माग पलटण व कंपनी (पलटणीतील तुकडी) यांनुसार लावलेल्या सूचीतून कसा काढावा? तसेच निवृत्तिवेतन कार्यालयाच्या तपासनिसांनी स्वतःच्या शब्दांत उतरवलेल्या जबान्या कितपत ग्राह्य धराव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.